आष्टेकर मॅडमच्या चार नळ्या

आष्टेकर मॅडमना खुर्चीत बसलेलं मी एकदाच पाहिलं, आणि तेही निवडणुकीच्या ट्रेनिंगला. तिथंसुद्धा बाई दर पाच मिनिटांनी उठून पंख्याचं बटण दाबून बघायच्या. पंखा चालूच होता. शेवटी ट्रेनिंग देणारा साहेब वैतागून म्हणाला, "मॅडम, तुम्हाला काही त्रास होतोय का?" तर म्हणाल्या, "मला नाही, ह्या खुर्चीला होतोय."

मी उमरग्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. चोवीस वर्षं झाली. पोरं मला मामा म्हणतात. शिपायापासून लॅबवाल्यापर्यंत आम्ही सगळे मामाच, त्याला इलाज नाही. पण मॅडमही मामा म्हणायच्या, आणि त्या माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या! मी एकदा बोललोही, "मॅडम, निदान तुम्ही तरी नाव घेऊन बोलवा." म्हणाल्या, "नावात वेळ जातो." माझं नाव मल्लिकार्जुन, त्यामुळं पुढं वाद घालायची सोय राहिली नाही.

संस्थेच्या परंड्याच्या शाखेतून बदली होऊन आल्या तेव्हा एसटीतून उतरताना त्यांच्या हातात प्रेशर कुकर होता. घरचं सामान मागून टेम्पोत येत होतं, पण कुकर टेम्पोवाल्याच्या भरवशावर सोडायचा नव्हता. मला वाटलं, बाईंना वरणभाताची लई आवड दिसतीय. कुकर घरी गेलाच नाही. तो सरळ लॅबमध्ये आला आणि त्यात जंतू मारायला परीक्षानळ्या शिजायला लागल्या. शिट्टी झाली की शेजारच्या वर्गातून इतिहासाचे सर ओरडायचे, "झाला का स्वयंपाक?"

मूळच्या तुळजापूरच्या. घरात मास्तरकी पिढ्यान्‌पिढ्या. बोलणं स्वच्छ, छापल्यासारखं. पण अंगात जणू मुंग्या भरलेल्या. चहा उभ्यानं, डबा उभ्यानं, हजेरी व्हरांड्यातून चालता चालता. फळ्यावर लिहितानाही एक पाय दाराकडं. "चला, मामा, चला, पेशी कुणासाठी थांबत नाही." कुठली पेशी, कशाला थांबायची, मला काय कप्पाळ कळणार? मी आपला मागं मागं. घरी बायको विचारायची, "आज काय केलं?" मी म्हणायचो, "पळलो."

त्यांच्या डोक्यात एकच खूळ होतं. बारावीच्या पुस्तकात डीएनएचा धडा आहे. पोरं तो घोकतात, आकृत्या काढतात, मार्क घेतात आणि विसरतात. मॅडम म्हणायच्या, "एकानंही डोळ्यांनी बघितलेलं नाही. हे म्हणजे पाटीवर भाकरीचं चित्र काढून पोट भरणं झालं." मग पहिल्याच महिन्यात त्यांनी पिकलेली पपई, मीठ, भांडी घासायचा साबण आणि बर्फात ठेवलेलं स्पिरिट आणायला लावलं. पपई कुस्करून, गाळून, वरून हळूच स्पिरिट सोडलं, तर खरंच हो, मधल्या थरात पांढरे धागे वर यायला लागले. पोरांनी ते काडीवर गुंडाळून घेतले. एक पोरगं म्हणालं, "मॅडम, शेंबडागत दिसतंय." वर्ग फिदीफिदी हसला.

"लिही," मॅडम म्हणाल्या. "निरीक्षणात लिही, शेंबडासारखं दिसतं. तुला दिसलं ना? मग लिही."

ही त्यांची खोड. पोरांच्या प्रॅक्टिकलच्या वह्यांवर लाल पेनानं एकच प्रश्न असायचा, "तू पाहिलंस?" गाइडमधून उतरवलेली वही त्यांना वासावरून कळायची. 

पुढचं खूळ मोठं होतं. डीएनएचे लहानमोठे तुकडे वेगळे करून दाखवायचे. त्याचं मशीन असतं, ते आमच्याकडं कुठलं? मॅडमनी प्लॅस्टिकचा चौकोनी डबा घेतला, दोन टोकांना स्टीलची तार लावली, किराणा दुकानातून चायना ग्रास आणून त्याची घट्ट वडी थापली आणि छोट्या बॅटऱ्यांची माळ जोडली. वडीला खाचा पाडून त्यात आधी खायचे रंग भरून बघितले. अर्ध्या तासात हिरव्यातून पिवळा आणि निळा अलग अलग पळायला लागले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमही डब्याभोवती गरागरा फिरत होत्या. मग डीएनए भरला. दोन तास वाट बघितली, निळा रंग लावला, धुतला. काही नाही. दुसऱ्या दिवशीही ठणठण गोपाळ.

वह्या तपासायला आल्या तर चाळीसच्या चाळीस पोरांनी लिहिलेलं, "पट्टे स्पष्ट दिसले." मॅडमनी एकेकाला डब्यापाशी नेलं. "कुठं? दाखव." पोरं खाली माना घालून उभी. मग सगळ्यांना खोडायला लावलं आणि लिहायला लावलं, "आम्हाला काहीही दिसलं नाही." त्याखाली ऐटीत सही केली. प्रॅक्टिकल परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले, त्यांनी त्या वह्या बघून कपाळाला हात लावला. प्राचार्यांनी बाईंना बोलावून घेतलं. काय बोलणं झालं माहीत नाही, पण बाहेर येताना त्या म्हणाल्या, "मामा, बॅटऱ्या कमी पडतायत. अजून आणा." 

तिसऱ्या वेळी मला पुढं ढकललं. "मामा, आधी तुम्ही बघा. मला दिसलं तर मी म्हणेन माझ्या मनाचे खेळ." मी चष्मा पुसून वाकलो. वडीत पेन्सिलीनं ओढल्यागत एक फिकट निळी रेघ होती. मी सांगितलं. त्यानंतर आष्टेकर मॅडम, वय पन्नास, कॉलेजच्या व्हरांड्यातून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत गेल्या आणि परत आल्या. मी स्वतः पाहिलं.

त्यानंतर पपईच्या रोपाचं नर-मादी डीएनएवरून ओळखायचं निघालं. त्याला डीएनएच्या तुकड्याच्या लाखो नकला काढाव्या लागतात. शहरात ते काम मशीन करतं, आमच्याकडं पोरांनी केलं. तीन पातेली. एकात कढत पाणी, दुसऱ्यात कोमट, तिसऱ्यात मधलं. प्रत्येकात थर्मामीटर धरून एक पोरगी, आणि थर्माकोलच्या तुकड्यात खोचलेल्या बारक्या नळ्या ह्या पातेल्यातून त्या पातेल्यात, घड्याळ बघून, तीस फेरे. त्यात घालायचं औषध सोलापुरातल्या त्यांच्या एका मैत्रिणीकडून मी बर्फाच्या थर्मासमध्ये, एसटीत मांडीवर धरून आणलं होतं. पोरं मोठ्यानं मोजत होती, "एकोणीस! वीस!" आणि मॅडम तिन्ही पातेल्यांभोवती फेऱ्या घालत होत्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की ह्या बाईच्या अंगाला जुळणारं काम अखेर सापडलं.

चार रोपांपैकी तीन रोपांचं बरोबर निघालं. पण गावात काय पोहोचलं? उमरग्यात एक मॅडम डीएनए करतात, नर-मादी काय, सगळंच सांगतात. आपल्याकडं बातमीला पाय फुटतात ते असे. एक म्हातारा म्हशीचं बघता का म्हणून विचारायला आला. दुसरा एकजण सुनेच्या पोटातलं विचारायला आला, त्याला मॅडमनी गेटपर्यंत हाकललं आणि गेटच्या बाहेरही बराच लांब हाकललं. आम्ही हसलो. हसायला नको होतं, हे नंतर कळलं.

शिवलीला नावाची मुलगी बारावीला होती. हायवेपासून चार किलोमीटर आत तिचं गाव, रोज सायकलवर यायची. बाप हैदराबाद लाइनला ट्रक चालवतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर. पोरगी अशी हुशार की तीन पातेल्यांच्या दिवशी मधलं पातेलं मॅडमनी तिलाच दिलं होतं, कारण तेच सगळ्यांत अवघड.

दिवाळीनंतर आनुवंशिकतेचा धडा आला. मॅडमनी फळ्यावर लिहिलं, "जीभ नळीसारखी वळवता येणं हा प्रभावी गुण. आईवडील दोघांनाही येत नसेल तर मुलाला येणार नाही." आणि घरचा अभ्यास दिला, घरातल्या सगळ्यांच्या जिभा बघून तक्ता करा. झालं! दोन दिवस अख्खा तालुका जीभ बाहेर काढून बसलेला. माझी पुतणी त्याच वर्गात. तिनं माझ्या आईला जीभ काढायला लावली तेव्हा आईनं कानडीत जे ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही. आमच्या घरी कानडीच चालते. शिव्या तर फारच चालतात.

शिवलीलाच्या तक्त्यात बापाला येत नाही, आईला येत नाही, दोघा भावांना येत नाही, आणि तिला येते. तिनं स्वतःच्या चौकोनापुढं लाल प्रश्नचिन्ह काढलं होतं. तास संपता संपता ती वही घेऊन आली, "मॅडम, असं कसं?" मॅडम निघालेल्याच होत्या, एक पाय दाराबाहेर. "उद्या सांगते हं, नक्की सांगते." मी तिथंच नळ्या धूत होतो, मी ऐकलं. दुसऱ्या दिवशी मीटिंग होती, तिसऱ्या दिवशी आणखी काही. मॅडम विसरल्या.

तक्ता घरी गेला. चुलत्याचा पोरगा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, अर्धवट शहाणा. त्यानं वाचला आणि चारचौघांत बोलला, "शास्त्राप्रमाणं हे होऊच शकत न्हाय. काकूला विचारा." बाप वीस दिवस बाहेर असतो, हे गावाला सांगायची गरजच नव्हती. आठवड्याभरात शिवलीलाची सायकल यायची बंद झाली.

त्या गावच्या दुसऱ्या पोरीनं मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांच्या हातात खडू होता. तो त्यांनी ठेवला, उचलला, परत ठेवला. पोरगी गेल्यावर मला म्हणाल्या, "तो नियम खोटा आहे, मामा. म्हणजे इतका सरळ नाही. तंतोतंत सारख्या जुळ्या भावांतसुद्धा एकाला जीभ वळवता येते, एकाला येत नाही. मला माहीत होतं. वाचलेलं होतं."

"मग सांगितलं का न्हाय?"

"मुलांचा गोंधळ नको म्हणून. परीक्षेत पुस्तकातलंच विचारतात म्हणून." आणि मग एकदम, "मी तिला उद्या म्हणाले होते हो!"

त्यांनी घरी निरोप धाडला, चिठ्ठी पाठवली. उत्तर नाही. आणि एका शनिवारी, कॉलेज सुटल्यावर, बाप स्वतःच लॅबच्या दारात उभा. शरणप्पा. उंच, दाढी वाढलेली, डोळे जागरणानं तांबडे. मागं शिवलीला, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"मॅडम, म्या अडाणी माणूस हाय," तो म्हणाला. "तुमी पपईचं सांगता म्हणं. माझं आन हिचं बघा. जे आसंल ते सांगा. आज न्हाय सांगितलं तर हिला उद्या मावशीकडं घालवतो. कालीज बंद. आन हिच्या आयचं काय करायचं ते मी बघतो."

मॅडमनी त्याला जिभेचं समजावलं. पुस्तक दाखवलं, जुळ्या भावांचं सांगितलं. तो ऐकत होता आणि ऐकत नव्हता. "तुमीच शिकिवलं, आन आता तुमीच न्हाय म्हणता?" मॅडम म्हणाल्या, तसली तपासणी मोठ्या लॅबमध्ये होते, इथं होत नाही. त्यानं मान हलवली. "कळलं. म्हंजी हाय कायतरी."

मॅडमनी तिथंच आमच्या लॅबमध्ये तीन चकरा मारल्या. मग म्हणाल्या, "मामा, चार नळ्या."

मला त्यांचा बेत कळला, आणि शिवलीलालाही कळला असणार. मिठाचं पाणी तोंडात घोळवून ग्लासात थुंकायचं, त्यात साबणाचे थेंब, वरून गार स्पिरिट. पपईचं केलं तेच माणसाचं. एका नळीत शरणप्पा, दुसरीत शिवलीला, तिसरीत मॅडम, चौथीत मी. प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी. चारही नळ्यांत पांढरे धागे सारखेच तरंगायला लागले. मॅडमना एवढंच दाखवायचं होतं की बघा, माझं आणि ह्या मामांचंसुद्धा सारखंच दिसतं, ह्यावरून काहीही कळत नाही.

त्यांनी तोंड उघडलं, "आता नीट बघा—"

शरणप्पानं चारांतल्या दोन नळ्या उचलल्या. आपली आणि पोरीची. खिडकीच्या उजेडाला धरल्या.

"सारखंच हाय," तो म्हणाला. "सारखंच हाय की ओ, मॅडम!"

आणि तो दणकट गडी नळ्या हातात धरून ढसाढसा रडायला लागला. पोरीच्या डोक्यावर हात फिरवला. मॅडमना वाकून नमस्कार केला, मलाही केला. "मिटलं," म्हणाला. "सोमवारपासून येती ही."

तीस सेकंद. फार तर चाळीस. तेवढ्यात मॅडमना बोलता आलं असतं. वहीतल्या एका खोट्या ओळीसाठी पोरांना तासभर उभं करणारी बाई. मी त्यांच्याकडं बघत होतो, शिवलीला त्यांच्याकडं बघत होती. मॅडम स्टूलला धरून उभ्या राहिल्या आणि काही बोलल्या नाहीत. बापलेक गेली. मॅडमनी चारही नळ्या बेसिनमध्ये ओतल्या आणि स्वतः घासायला घेतल्या, जे काम माझं आहे.

सोमवारी सायकल आली. मला वाटलं, बरं झालं, सुंठीवाचून खोकला गेला. पण मॅडमचं काही बरं नव्हतं. आधी त्या पळायच्या ते कामासाठी. आता नुसत्याच फिरायच्या. कुकर लावायच्या आणि शिट्टीआधीच उतरवायच्या. एका तासाला वर्गात सांगितलं, "मी जिभेचा नियम चुकीचा शिकवला. तसं नसतं." मागच्या बाकावरून पोरानं विचारलं, "मॅडम, मग बोर्डात आलं तर काय लिहायचं?" मॅडमनी डस्टर उचलून फळा पुसला. मग म्हणाल्या, "पुस्तकातलं लिहा." आणि तास अर्धवट सोडून बाहेर आल्या. शिवलीला पहिल्या बाकावर होती. ती काही विचारत नव्हती, हेच त्यांना जास्त लागत होतं.

दीड महिना असा काढला. प्रॅक्टिकल परीक्षेच्या आधीच्या रविवारी सकाळी माझ्या दारात. "मामा, गाडी काढा. मला त्या माणसाला खरं सांगायचंय."

"येड लागलं का तुम्हाला?" मी म्हणालो. हो, मॅडमना म्हणालो! "बरं चाललेलं घर मोडायचंय का?"

"मी त्याला फसवलंय."

"त्यानं स्वतःला फसवलं. तुम्ही नुसतं गप ऱ्हायलात."

"तेच ते."

गाडीवर मागं बसून चार किलोमीटर वाद घातला त्यांनी. मी ओरडून सांगत होतो की शास्त्र एकीकडं आणि संसार एकीकडं. त्या ओरडून सांगत होत्या की उद्या तो कुणाला तरी विचारेल, कळेल, तेव्हा दुप्पट संशय येईल. खरं सांगू का, दोघांचंही पटण्यासारखं होतं, म्हणूनच मला जास्त राग येत होता.

शरणप्पा घरीच होता, ट्रक दारात. त्यानं घोंगडी अंथरली. शिवलीला एका मैत्रिणीकडं अभ्यासाला गेली होती, ते एक बरं. तिच्या आईनं, महादेवीबाईंनी, आम्हाला पाणी दिलं. चेहऱ्यावर एवढं हसू की मला तिकडं बघवेना. ती चहा टाकायला आत गेली.

मॅडम घोंगडीवर टेकल्याच नाहीत. उभ्यानंच एका दमात सांगितलं. त्या नळ्यांवरून काही सिद्ध होत नाही. चारही सारख्या होत्या. माझीही तशीच होती. मी त्याच वेळी बोलायला हवं होतं, माझी चूक झाली. पण जिभेवरून घेतलेला संशयही तितकाच खोटा आहे, तो तुम्ही मनातून काढा.

शरणप्पा खाली बघून काडीनं माती उकरत होता.

"चारी सारख्या व्हत्या," तो म्हणाला. "मला बी दिसलं की, मॅडम. आंधळा हाय का मी? रोज रातचा ट्रक चालवतो."

"मग?" मॅडमचा आवाज फाटला. "मग तुम्ही दोनच का उचलल्या?"

"भावकीला तोंड द्याचं व्हतं. मॅडमनी केलं, सारखं निघालं, संपलं. बीएस्सीवालं बी गप बसलं." त्यानं काडी टाकून दिली. "आन माझं म्हणाल तर, शंका व्हती. पोरगी बी व्हती. दोनी एका घरात ऱ्हाईनात. मंग म्या पोरगी ठिवली."

"म्हणजे शंका अजून आहे?"

असला प्रश्न विचारायची गरज होती का? पण विचारल्याशिवाय राहतील तर त्या आष्टेकर मॅडम कसल्या.

"आसंल कुठंतरी," तो म्हणाला. "कदी कदी हैदराबादच्या वाटंला येती. गाडी चालवतो, जाती."

तेव्हाच मला दारात पाऊल वाजल्यागत वाटलं. महादेवीबाई चहाची ताटली घेऊन उभ्या होत्या. केव्हापासून, देव जाणे. त्यांनी ताटली खाली ठेवली, पदर सारखा केला, आणि मला वाटलं आता फुटतील. तसं काही झालं नाही. "साखर बघा," एवढंच म्हणाल्या. आम्ही तिघांनी तो चहा प्यायला. मॅडमचं तिकडं लक्ष नव्हतं. त्यांनी बाईंना उशिरा पाहिलं, आणि बाईंनी काय ऐकलं ते त्यांना कळलं की नाही, मला आजही ठरवता येत नाही.

मी गाडी वळवत होतो तेव्हा महादेवीबाई माझ्याजवळ आल्या. मॅडम दोन हात लांब उभ्या होत्या. माझं गाव, माझं आडनाव त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं. म्हणून त्या हळू आवाजात कानडीतच बोलल्या. बाई खानदानी, मॅडमचा अपमान त्यांना मॅडमसमोर करायचा नव्हता.

त्या म्हणाल्या, "अण्णा, पोरीला शिकवा म्हणावं, लई शिकवा. पण ह्या बाईंना परत माझ्या दारात आणू नका. दीड महिना मी सुखानं जेवत होते. मालकांच्या मनातलं गेलं, असं समजून जेवत होते. आता रोज त्यांच्या तोंडाकडं बघून घास गिळावा लागंल."

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

गाव मागं पडल्यावर मॅडमनी विचारलं, "काय म्हणाल्या हो त्या?"

खोटं बोलायला मला एक क्षणसुद्धा लागला नाही. चोवीस वर्षांत ह्या हातांनी हजार नळ्या धुतल्या, पण इतकं सफाईनं काही केलं नसेल.

"म्हणाल्या, मॅडम आल्या, बरं वाटलं. परत या."

"असं म्हणाल्या?"

"व्हय."

मग मॅडमनी एक मोठा श्वास सोडला, दीड महिना कोंडून ठेवल्यासारखा. म्हणाल्या, "बघा मामा, खरं सांगितल्यानं काही मोडत नाही. तुम्ही उगीच घाबरत होता." मी हायवेला लागलो आणि एका टँकरमागं गाडी घातली, म्हणजे हॉर्नच्या गोंगाटात उत्तर द्यायला नको.

त्यानंतर त्या पूर्वीसारख्या झाल्या. कुकरच्या शिट्ट्या, चला मामा चला, वह्यांवर लाल पेन. शिवलीला बारावी चांगली पास झाली, सोलापूरला बीएस्सीला गेली. महादेवीबाई मला बाजारात दोनदा दिसल्या. दोन्ही वेळा मी रस्ता ओलांडला.

पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात मॅडमच्या बदलीची ऑर्डर आली, परत परंड्याला. मी स्टँडवर पोचवायला गेलो. कुकर त्यांनी मांडीवर घेतला होता आणि गाडी हलायच्या आधीच दोनदा उठून बॅग नीट लावली होती. मग खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकल्या.

"मामा, दिवाळीच्या सुट्टीत येते मी. शिवलीलाच्या घरी जायचंय आपल्याला, तिच्या आईनं बोलावलंय. मी ह्या वेळी उद्यावर टाकणार नाही. तुम्ही गाडी तयार ठेवा."

कंडक्टरनं घंटी मारली. मी म्हणालो, "ठिवतो की, मॅडम."